इराणी वेलाचे तीन ठिपके

आई, तुझा दुधीचा वेल आमच्या कलाकेंद्रात दोन ठिकाणी लागला आहे. एक बाहेरच्या पॅसेजमध्ये, काचेच्या चौकटीत, माझ्या नावाने. तो केंद्र सुरू झाल्यापासून तिथे आहे. दुसरा कालपासून आतल्या हॉलमध्ये, सत्तेचाळीस नंबरचा, तुझ्याबरोबर छपाई करणाऱ्या मावशींच्या नावाने, आणि त्याच्या खालच्या पट्टीवर पुन्हा माझं नाव. तुझं नाव दोन्हीकडे नाही. प्रदर्शन अजून आठवडाभर आहे. आज सोमवार, केंद्र बंद असतं. किल्ली माझ्याकडे आहे, आणि उद्या दहा वाजता दार उघडायच्या आत ती पट्टी बदलायची की नाही हे मला ठरवायचं आहे. तुला लिहून ते ठरेल असं नाही. पण दुसऱ्या कुणाला लिहिता येईल असं हे नाहीच.

हे केंद्र तू पाहिलेलं नाहीस. हेंद्रेपाड्यात पिठाच्या गिरणीवरचा पहिला मजला आहे. गिरणी चालू असली की फरशी पायाखाली थरथरते आणि आठवड्यातून दोनदा चौकटींवरचं पीठ पुसावं लागतं. रविवारी सकाळी मी तिथे मुलांचा वर्ग घेते, बाकीचे दिवस अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवते. केंद्र उभं केलं ते सरांनी. सर तुला आठवतील. मी दहावीत असताना शाळांच्या प्रदर्शनात माझ्या वेलाला पहिलं बक्षीस देणारे परीक्षक तेच, आणि नंतर आपल्या बेलवलीच्या घरी येऊन बाबांसमोर दोन तास बसलेलेही तेच. बाबा एमआयडीसीतली पाळी संपवून आले होते आणि त्यांना फक्त झोपायचं होतं. सर पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिले, "हिला नजर आहे. नजर शिकवून येत नाही." तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, हात पदराखाली घेऊन, कारण बोटांची नीळ निघत नव्हती. त्या एका वाक्यावर मी आर्ट कॉलेजला गेले, घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. निकाल लागला तेव्हा तू नव्हतीस. त्याला आता आठ वर्षं झाली.

यंदा सरांनी मला पहिल्यांदा परीक्षक केलं. मी इतकी हरखले की नियमांचा कागद नव्याने लिहून काढला. गेल्या वर्षी निम्मी चित्रं मोबाइलमधून उतरवलेली होती, एकच होडी आणि एकच सूर्य तीन वेगवेगळ्या नावांनी आला होता, आणि मला ते फार लागलं होतं. मी लिहिलं, "चित्र स्वतः पाहिलेलं आणि स्वतः काढलेलं असावं. नक्कल आढळल्यास चित्र बाद होईल." मुलांच्या वर्गात मी ते वाचूनही दाखवलं. मग दरवर्षी सांगते तीच गोष्ट सांगितली, की मी तुमच्याएवढी असताना दोन संध्याकाळ वेलासमोर बसून तो वेल काढला. मुलं पॅसेजमध्ये जाऊन चित्राला नाक लावून आली. दोन संध्याकाळ बसले होते हे खरं आहे. गोष्टीतलं तेवढंच खरं आहे हे तुला माहीत आहे.

परीक्षणाचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे मी कुठे अडकले ते कळेल. शंभरावर चित्रं येतात आणि भिंतीवर जागा साठांची. हॉलचं दार आतून लावून घेतात, आणि यादीवर सह्या झाल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. पुढच्या बाजूला फक्त नंबर आणि चित्राचं नाव असतं. काढणाऱ्याची माहिती मागे चिकटवलेल्या पाकिटात असते आणि ते सह्या होईपर्यंत उघडायचं नाही. आम्ही तिघं होतो: सर, अंबरनाथला मातीकाम शिकवणाऱ्या एक मॅडम, आणि मी. तिघांपैकी दोघं नाही म्हणाले की चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. शेवटी प्रत्येक परीक्षकाला एक पिवळी चिठ्ठी मिळते. बाद झालेल्यांपैकी एका चित्रावर ती चिकटवली की ते परत आत येतं, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. ही सरांची जुनी पद्धत आहे.

जेवणानंतर मॅडमनी सत्तेचाळीस नंबर स्टँडवर ठेवला. काळं कापड पुठ्ठ्यावर ताणून बसवलेलं, त्यावर फॅब्रिक कलरमध्ये वेल. पांढरी फुलं, हिरवे ताणे, खाली एक कोवळा दुधी. खाली नाव लिहिलं होतं, इराणी वेल. मी नाव वाचलं नाही, आई. मी आधी उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे तीन पांढरे ठिपके होते, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले, प्रत्येक ठिपका सावकाश गोल केलेला.

"इराणात दुधी होतो का हो?" सरांनी विचारलं आणि मॅडम हसल्या. मग सर हसायचे थांबले. चष्मा काढून जवळ गेले, परत लावला, दाराची कडी काढून पॅसेजमध्ये गेले, म्हणजे त्यांनी स्वतःचाच नियम मोडला, आणि परत येऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, हे तुझं चित्र आहे."

मी म्हटलं, "सर, दुधीचा वेल सगळ्यांच्याच दारात असतो."

"वेल असतो. पण तिसऱ्या पानाला किडीने पाडलेलं भोक सगळ्यांच्या दारात तेच नसतं."

मॅडमनी ठिपक्यांबद्दल विचारलं. सर म्हणाले, सहीच्या जागी काहीतरी हवं म्हणून दिले असतील. मग ते खुर्चीत बसले आणि मला म्हणाले की नियम तू लिहिलास आणि चोरीही तुझीच झाली, तेव्हा तूच सांग. दोघं माझ्याकडे बघत थांबले. खाली गिरणी चालू होती. स्टँडचा पाय फरशीवर बारीक खडखडत होता.

ते किडीचं भोक मला तोंडपाठ आहे. तू ते कसं पाडलंस तेही मी पाहिलं आहे. मी सहावीत असेन. घरामागे भांडी घासायच्या मोरीपाशी बसलं की शेजाऱ्यांच्या पत्र्यावर चढलेला वेल समोर दिसायचा. तू मांडीवर चादरीची घडी घेतली आहेस, तिच्यावर ट्रेसिंग पेपर, हातात लाकडी मुठीची सुई. वर बघतेस आणि टोचतेस, वर बघतेस आणि टोचतेस. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. कारखान्यातल्या बाकीच्या बायका आधी काढलेल्या रेघेवर टोचायच्या. तू सरळ वेलावरून कागदावर यायचीस. मला वाटायचं कापडावर नक्षी छापायचा भोकांचा खाका असाच करतात. सुईचा आवाज येतोय, टक टक टक, मध्येच तू थांबतेस, डोळे बारीक करून तिसऱ्या पानाकडे बघतेस आणि पानाच्या आत एक वेडावाकडा गोल टोचतेस. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, किडीने खाल्लंय ना तिथे. मी म्हटलं, ते कशाला दाखवायचं? तू म्हणालीस, "मग काय खोटं सांगू?" आणि परत वर बघितलंस.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून मीही तुझ्याबरोबर कॅम्प दोनला कारखान्यात आले. शेठने खाका उजेडासमोर धरून विचारलं, "बाई, ये क्या है?" लग्नाच्या लेहंग्याच्या घेराला शेठ दुधी घेणार नाही हे तुला ठाऊक होतं. तू म्हणालीस, "बाहर का फूल है, शेठ." त्याने विचारलं, "ईरान का?" आणि तू चेहरा न हलवता म्हणालीस, "हां, ईरान का." मावशी मागे घासलेटात कालवलेल्या निळीचा बोळा हातात घेऊन उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडात कोंबला. तो वेल इतका चालला की सगळ्या गल्लीत इराणी बेल म्हणूनच त्याचं नाव पडलं, आणि पुढे तुझ्या डब्यात दुधी दिसला की मावशी विचारायच्या, आज इरानी भाजी का गो? शेठने त्या खाक्याचे आणखी दहा करून घेतले. बाकीच्या दुकानांनी आपापले. तुझ्या पहिल्या खाक्याच्या कोपऱ्यात मात्र तुझे तीन ठिपके होते. कागद उलटा पडला तर वेल उलटा छापला जातो, म्हणून सुलटी बाजू कळायला प्रत्येकीची काहीतरी खूण असायची. तुझी चूल. छापताना त्या खुणेवर अंगठा ठेवायचा, म्हणजे कापडावर ती उतरत नाही. मावशींच्या उजव्या अंगठ्याच्या दोन्ही कडा कायम निळ्या असायच्या.

दहावीत प्रदर्शनाचा विषय होता, घराजवळचा निसर्ग. मी दोन संध्याकाळ मोरीपाशी बसले. ताणे जमेनात. माझे ताणे स्प्रिंगसारखे दिसत होते आणि खोडून खोडून कागदाला केस आले. तिसऱ्या दिवशी तू कामाला गेल्यावर मी पलंगाखालच्या पुठ्ठ्याच्या नळीतून तुझा खाका काढला, ड्रॉइंग पेपरवर ठेवला आणि शिसाची पूड घासली. कागद उचलला तर सगळा वेल ठिपक्याठिपक्यांनी खाली बसलेला. मी ते जोडले. किडीचं भोकही जोडलं. मग कोपऱ्यातले तीन ठिपके दिसले. मी छपाईवाली नव्हते, मी त्यांच्यावर अंगठा ठेवला नव्हता. मी ते खोडले. ब्रेडच्या तुकड्याने, हलक्या हाताने, कागदाला कळणार नाही असे.

बक्षिसाच्या दिवशी तू कारखान्यातून थेट आलीस. शाळेच्या हॉलमध्ये तू माझ्या चित्रासमोर किती वेळ उभी होतीस ते मी मोजलं नाही, पण माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया येऊन गेल्या आणि तू तिथेच होतीस. मग तू उजवा हात उचललास आणि अंगठा त्या कोपऱ्यासमोर हवेतच धरलास, काचेला न लावता, छापताना धरतात तसा. म्हणालीस, "ठिपके छापायचे नसतातच. बरोबर केलंस." आणि लगेच विचारलंस, काही खाल्लंस का. मी इतकी वर्षं ते वाक्य घेऊन फिरते आहे. धंद्यातला नियम सांगितलास की मला सोडून दिलंस, हे मला तेव्हा विचारता आलं असतं. मी वडापाव खाल्ला म्हणून सांगितलं.

आणि आता त्या हॉलमध्ये दोघं माझ्याकडे बघत होते. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागे किती जण उभे होते ते मला दिसायला लागलं. ज्या नजरेसाठी सर बाबांसमोर दोन तास बसले ती माझी नव्हती, हे त्यांना सत्तराव्या वर्षी सांगायचं. पॅसेजमध्ये नाक लावून आलेल्या मुलांना सांगायचं. जो नियम मी मोठ्याने वाचला तो पहिल्यांदा मीच मोडला, आणि त्याचं बक्षीस म्हणून आज इथे बसले आहे, हे मॅडमना सांगायचं. नाही म्हणावं तर ज्या बाईने ते ठिपके इतक्या निगुतीने गोल केले तिला चोर ठरवायचं. कोण असेल ते मला पाकीट न उघडता कळलं होतं. कापड ताणायची ती पद्धत, कडेला चार बोटं सोडलेली, कॅम्प दोनच्या त्या कारखान्याची होती.

मी म्हटलं, "तुम्ही दोघं ठरवा."

मॅडम म्हणाल्या, काम हाताचं आहे हो, पण नियम म्हणजे नियम. सर म्हणाले, नाही. सत्तेचाळीस नंबर भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला. आणि आई, चित्र भिंतीकडे वळवलं की त्याची पाठ आपल्याकडे होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. उरलेली दुपारभर ते पाकीट माझ्या समोर होतं. पुढची पन्नास-साठ चित्रं मी कशी पाहिली मला सांगता येणार नाही. एका मुलीच्या शेळीला मी हो म्हटलं, तिला पाच पाय होते हे मॅडमनी नंतर दाखवलं.

पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. सरांनी त्यांची एका जुन्या विहिरीच्या चित्राला दिली, मॅडमनी पाच पायांच्या शेळीला. मी उठले आणि माझी सत्तेचाळीसच्या पाठीवर चिकटवली. का म्हणून कुणी विचारायचं नसतं, त्यामुळे मला वाटलं सुटले. पण सरांचे डोळे भरून आले. उभे राहून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मॅडमना म्हणाले, "बघा. याला मन म्हणतात. ज्याने चोरलं त्यालाच हिने आत घेतलं." मॅडमनी माझा हात दाबला. मला ओरडून सांगावंसं वाटलं आणि माझ्या तोंडातून आलं, "असं काही नाही, सर," जे चांगल्या माणसाने अशा वेळी म्हणायचं असतं तेच. सर म्हणाले, पण निदान नोंद तरी हवी. आणि त्यांनी पट्टीवरचा मजकूर सांगितला: प्रेरणा, केंद्रातील 'दुधीचा वेल' हे चित्र, आणि पुढे माझं नाव. सह्या करून दोघं खाली चहाला गेले.

पट्ट्या मी लिहिते, माझं अक्षर बरं आहे म्हणून. त्यासाठी पाकिटं उघडावी लागतात. सत्तेचाळीसचं मी सगळ्यांत शेवटी उघडलं. नाव मावशींचंच होतं. 'चित्राविषयी' अशी एक ओळ अर्जात असते, ती बहुतेक लोक रिकामी सोडतात. मावशींनी तिथे मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, "वेल माझे मैत्रिणीचा हाय. ती वारली. रंग माझे." शंभरावर अर्जांमध्ये कल्पना दुसऱ्याची आहे असं लिहिणारी ती एकटी. मी ते वाचलं, परत घडी घातलं, पाकिटात ठेवलं, आणि मग सरांनी सांगितलेली पट्टी लिहायला घेतली. वाचल्यानंतर लिहिली. आधी नाही. अक्षर चांगलं आलं.

काल उद्घाटनाला मावशी आल्या. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी दारातच त्यांच्या पाया पडले. त्या सरळ आपल्या चित्राकडे गेल्या, आधी लांबून बघितलं, मग जवळून, आणि मग पट्टी एकेक अक्षर लावत वाचली. माझ्या नावाशी आल्यावर थांबल्या. मी मागेच उभी होते.

"मी लिवलं व्हतं ना चिठ्ठीवर," त्या म्हणाल्या. "कोनी वाचली नाय काय?"

"परीक्षकांनी पाकिटं उघडायची नसतात, मावशी."

"असं काय? मंग बरोबर हाय."

इतक्या सहज म्हणाल्या. मी विचारलं, तुम्ही चित्र कसं काय दिलंत? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की हे काय विचारणं झालं. "तू परीक्षक बसनार असं आयकलं. म्हटलं चूल काढून ठेवू, पोर वलखंल." मग त्या म्हणाल्या, तुजा कुठं हाय? मी त्यांना पॅसेजमध्ये नेलं. चौकटीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा अंगठा, अजूनही कडांना थोडा निळसर, सरळ त्या कोऱ्या कोपऱ्यावर गेला. तुझा हवेत थांबला होता, त्यांचा काचेवर टेकला.

"तुजे आयनं सांगलं व्हतं मना," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीनं चूल पुसली. पन काय पुसली म्हने, माग नाय ठेवला. हासत व्हती." आणि त्याही हसल्या.

म्हणजे तुला राग आला नव्हता. तू ते कारखान्यात जाऊन सांगितलंस, आणि माझ्या खोडण्याचं कौतुक केलंस, जसं कुणी शेजारणीच्या शिवणीचं करतं. इतकी वर्षं मी ज्याला शिक्षा समजून वाहत होते ते तुझ्यासाठी जेवणाच्या सुट्टीतलं हसणं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण तेवढ्यात सर तिथे आले, मावशींना नमस्कार केला आणि प्रेमाने, अगदी मुलांशी बोलतात तसं म्हणाले, "छान रंगवलंत हो. पण पुढच्या वेळी स्वतःच्या मनातलं काढा. दुसऱ्याचं नको."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात. माझं तोंड उघडलं होतं. मग त्यांनीच मान हलवली आणि म्हणाल्या, "हां सर. काढीन." काचेवरचा अंगठा तसाच होता.

जाताना त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याची नळी काढून माझ्या हातात दिली. तुझा खाका. तू दवाखान्यात जायच्या आधी त्यांच्याकडे ठेवायला दिला होतास, हे मला माहीतच नव्हतं. मी आपल्या घरी किती शोधला. म्हणाल्या, "मना आता भोकं नाय दिसत. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे." जिना उतरताना त्यांनी कठड्यावरचं पीठ बोटाला लावून पाहिलं आणि विचारलं, ज्वारीचं का गो?

आज सकाळपासून मी घरी आहे. बाबा बाहेर गेले आहेत. नवी पट्टी लिहून झाली आहे: वेल आणि खाका, आणि पुढे तुझं नाव, रंग, आणि पुढे मावशींचं. पॅसेजमधल्या चित्रासाठीही एक लिहिली आहे, तिच्यावर सगळं स्पष्ट आहे. दोन्ही पट्ट्या ओट्यावर वाळत ठेवल्यात. सरांना आधी फोन करायचा की आधी पट्टी लावायची, हे अजून ठरत नाही. फोन करायला घेतला की मला त्यांचा तो डोक्यावरचा हात आठवतो. पट्टी आधी लावली तर ते उद्या जिना चढून येतील आणि वाचतील, चष्मा काढून, परत लावून. दोन्हीपैकी कुठलाही विचार शेवटापर्यंत गेला की मी उठून पाणी पिते.

म्हटलं, हातांना काम द्यावं. पट्टीशेजारी खाक्याचा एक छापही लावू, म्हणजे लोकांना कळेल खाका काय असतो, ठिपके काय असतात. घासलेट आता मिळत नाही, मी माझ्या रंगाच्या पेटीतलं टर्पेंटाइन घेतलं, त्यात नीळ कालवली, तुझ्या जुन्या पातळाच्या चिंधीचा बोळा केला. जमिनीवर चांगला जाड कागद अंथरला, त्यावर खाका ठेवला. उजेडात धरल्यावर तीन भोकं वर उजवीकडे आहेत हे दोनदा पाहिलं. त्यांच्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. एका हाताने खाका धरून दुसऱ्याने बोळा फिरवला, सावकाश, पानापानावरून. वास तोच नव्हता, पण जवळचा होता. मग खाका उचलला.

वेल पूर्ण आला आहे, आई. ताणे, फुलं, किडीचं भोक, खालचा कोवळा दुधी, एकही ठिपका चुकलेला नाही. वरचा उजवा कोपरा कोरा आहे. खाका सरकू नये म्हणून तो कुठेतरी धरावा लागतो, आणि मी कुठे धरला होता ते माझ्या अंगठ्याच्या दोन्ही कडांना लागलेल्या निळीवरून कळलं. मला कुणी शिकवलं नव्हतं.

जाड कागद अजून एक आहे. तो मी अजून घेतलेला नाही.